डाव्या मांडीतली जाळी

बाबा लाथ डाव्या पायाने मारायचे. जेवणं, सही करणं, थोबाडीत देणं ही कामं उजव्या हाताची. लाथ मात्र डावी. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या वस्तीत कोकणातून गिरणीसाठी आलेल्यांची घरं जास्त, आणि तेव्हा प्रत्येक मंडळाची कबड्डीची टीम होती. चढाईला गेले की बाबा परत फिरतोय असं दाखवायचे आणि पाठमोरे असतानाच डावा पाय मागे फेकायचे. समोरच्याला कळायच्या आत त्याच्या छातीला टाच लागलेली असायची. त्या टाचेने मिळवलेल्या सात ढाली आमच्या घरात फळीवर ओळीने उभ्या होत्या. आई त्या दर शनिवारी पुसायची.

तीच टाच आईला लागायची. मांडीवर, कमरेत, एकदा पोटात. कारण मोठं कधीच नसायचं. चहा गार झाला, शर्टाचं बटण तुटलेलं राहिलं, माहेरचा फोन लांबला. बाबा ओरडत नसत. आधी गप्प व्हायचे, मग उठायचे. ते उठले की मला त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतल्यासारखा दिसायचा. मी कोपऱ्यात इंग्रजीचं पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि तो अंगठा बघायचे. मला मारत ते हाताने, तेही क्वचित. पोरीवर पाय उचलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

पोरीने मात्र त्यांच्या पायांवर चढायचं असायचं. रविवारी दुपारी मासे-भात जेवून झाला की ते चटईवर पालथे पडायचे आणि म्हणायचे, "चेडवा, चढ." मी ढालींच्या फळीला धरून त्यांच्या पोटऱ्यांवर उभी राहायचे आणि एकेक पाऊल टाकत मांड्यांपर्यंत जायचे, परत खाली यायचे. आमच्याकडे पाय दुखले की पोरांकडून तुडवून घेतात, शेजारीपाजारी सगळीकडे हेच होतं. मी सहा वर्षांची असल्यापासून तुडवत होते. "टाच दे गो नीट," बाबा उशीत तोंड खुपसून म्हणायचे. "जेवतंस ता जाता खंय?" मी टाच द्यायचे. ते कण्हायचे, ते सुखाने कण्हणं होतं. आठवडाभर कंपनीची स्टाफबस चालवून, क्लच दाबून डावा पाय भरून यायचा, असं ते सांगायचे.

आमचं घर डोंगराच्या मधोमध आहे. खाली रस्त्यापर्यंत एकेचाळीस पायऱ्या, वर पाण्याच्या टाकीपर्यंत अठ्ठावन्न. मी शाळेत बोलत नसे, त्यामुळे मोजायला मला वेळ भरपूर होता.

मी सातवीत असताना बाबा पायऱ्यांवर थांबायला लागले. रस्त्यापासून वर येताना पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या की पोटरी आवळून यायची. ते भिंतीला हात लावून उभे राहायचे, कोणी बघत असेल तर फोन काढून बोलण्याचं नाटक करायचे. दोन-तीन मिनिटांनी पोटरी सुटायची. मंडळातल्या जुन्या मालीशवाल्याने शीर चढलीय म्हणून महिनाभर तेल चोळलं. काही फरक पडला नाही.

फरक आईला पडला.

एका संध्याकाळी बाबा उठले तेव्हा आई दारातच होती. नेहमी ती मोरीकडे सरकायची आणि तिथे अडकायची. त्या दिवशी ती दारातून बाहेर पडली आणि टाकीच्या दिशेने पायऱ्या चढायला लागली. बाबा मागे निघाले. मी उंबऱ्यात उभी राहिले. आई चपलांशिवाय होती, साडी एका हातात धरलेली. बाबांनी पहिल्या वीस पायऱ्या जवळजवळ धावत घेतल्या, आई त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. मग ते थांबले. मग खाली बसले. डावी पोटरी दोन्ही हातांनी धरून, घामेजलेले, आईला शिव्या देत. आई टाकीपर्यंत गेली आणि कट्ट्यावर हात ठेवून उभी राहिली. तिथून तिने खाली पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मोजदाद होती. बाबा बसले होते ती बत्तिसावी पायरी होती.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात मार कमी झाला. बाबा बदलले नव्हते. आईने मोरीकडे जाणं सोडलं होतं, एवढंच. ती कायम दाराच्या बाजूने बसायची, भाजी निवडतानासुद्धा. बाबा गप्प झाले की ती परात उचलायची आणि वर जायची. चाळिसाव्या पायरीवर बसून मेथी निवडायची. खाली बाबा बत्तिसाव्या पायरीवर, कधी तिसाव्या. मध्ये आठ-दहा पायऱ्या. एकदा वरच्या घरातली काकू म्हणाली, "काय गो, नवरा-बायको पायऱ्यांवर हवा खाताय?" आई म्हणाली, "हो ना, घरात उकडतं."

पुढे पोटरी बसतानाही दुखायला लागली आणि बाबांना बस चालवणं जमेना. कंपनीच्या डॉक्टरने त्यांच्या पावलावर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि पावलात ठोका लागत नाही म्हणाला. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मांडीतली रक्ताची नळी बुजली होती. सिगारेटमुळे, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. फुग्याने नळी उघडायची आणि ती परत बंद होऊ नये म्हणून आत तारेची जाळी बसवायची. चिरफाड नाही, जांघेतून सुई.

अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी बाबांनी स्टीलचा ग्लास फेकला. आता मागे धावता येत नव्हतं, म्हणून फेकायला लागले होते. आईचा खालचा ओठ फाटला. दवाखान्यात दोन टाके घातले. दुसऱ्या दिवशी ती तोंडावर पदर धरून बाबांचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेली.

मी तेव्हा आठवीत. बाबा दोन दिवसांनी घरी आले आणि फाइल माझ्या हातात दिली. इंग्रजी शाळेत मला घातलं होतं ते यासाठीच, असं ते नेहमी म्हणायचे. लाइटचं बिल, बँकेची पत्रं, कंपनीची नोटीस, सगळं मी उभं राहून मराठीत वाचून दाखवायचे. "वाच गो," ते खाटेवरून म्हणाले.

मी वाचलं. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, थांबलं की परत चालायचं. तंबाखू, सिगारेट कायमची बंद. ही गोळी थोडे महिने, ती जन्मभर, रक्त गोठू नये म्हणून. सहा महिन्यांनी पायाची सोनोग्राफी, मग दरवर्षी, पाय दुखत नसला तरी. पुढची ओळ होती की डाव्या मांडीला मालीश करू नये, त्यावर कोणताही दाब देऊ नये. माझं बोट त्या ओळीवर होतं. आई समोर पेज गाळत होती. ओठ सुजून एका बाजूला आला होता, वाफ लागली की ती मान वळवत होती. मी बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि ताप आल्यास किंवा जांघेतून रक्त आल्यास लगेच यावे, असं वाचलं.

मी काही ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती ओळ वगळून काय होईल हेही मला माहीत नव्हतं. एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, एवढंच मला कळलं. असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

दोन आठवड्यांनी बाबांनी रस्त्यापासून घरापर्यंत एकेचाळीस पायऱ्या न थांबता घेतल्या. शेजारचे बघत होते. कोणीतरी म्हणालं, "झकास. परत मॅटवर उतरा आता." बाबा हसले आणि दाराशी न थांबता तसेच वर टाकीपर्यंत गेले. अठ्ठावन्न. वरून हात हलवला. आई दारात पोळपाट घेऊन बसली होती. तिने पोळपाट उचलला आणि आत मोरीजवळ जाऊन बसली.

सहा महिने बाबा शहाण्यासारखे वागले. सिगारेट बंद, चालणं रोज, पहिल्या सोनोग्राफीला स्वतः गेले. रक्त छान वाहतंय म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली. मग सिगारेट परत आली, आधी बसस्टॉपवर, मग घरात. वर्षाच्या तपासणीला ते गेले नाहीत. "दुखत नाय तर दाखवू काय?" दुखत नसलं तरी दाखवायचं, ही फाइलमधली ओळ मी वाचून दाखवली होती, त्यामुळे परत सांगितली नाही.

मी नववीत असताना आईने बाबांची कबड्डीची जुनी बनियन बोहारणीला दिली. काखेत फाटलेली, नंबर अर्धा उडालेला. बदल्यात लाल झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, बाबांच्या गोळ्या ठेवायला, कारण पाकिटं कुठेही पडायची. संध्याकाळी बाबांनी कपाट उघडलं आणि बनियन शोधली. आईने सांगितलं. खोटं बोलायला तिला कधी जमलं नाही.

ते गप्प झाले. आई सवयीने दारातून बाहेर पडली आणि वर निघाली. ती विसरली होती, किंवा दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मी मागे गेले. बत्तिसावी पायरी आली, बाबा थांबले नाहीत. चाळिसावी आली. आई मागे वळून बघत होती आणि दर वेळी अंतर कमी होत होतं. टाकीच्या मागे कातळ आहे आणि त्यावर तारेचं कुंपण. पुढे रस्ता नाही. आई कट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. बाबांनी परत फिरल्यासारखं केलं. खरंच फिरले, पाठमोरे झाले, आणि तिथून डावा पाय फेकला.

टाच तिच्या बरगडीला लागली. ती कट्ट्यावरून बाजूला पडली, हात खाली गेला, आणि मनगटातून आवाज आला. सुकी काटकी मोडते तसा तो नव्हता. ओला, जाड आवाज होता. मी तो आवाज कोणाला सांगितलेला नाही. बाबांनी आणखी दोन लाथा घातल्या, ती पडलेली असताना. मग टाकीच्या नळाखाली पाय धुतले आणि खाली गेले.

मनगट वाकडं जुळलं. अजूनही आई पोळपाटावर पोळी लाटते तेव्हा डावा हात बाहेरून फिरतो.

पुढच्या रविवारी बाबा चटईवर पालथे पडले. "चेडवा, चढ." मी फळीला धरून चढले. उजव्या पायावरून नुसती चालले. डाव्या मांडीवर थांबले. फळी सोडली, दोन्ही पाय एकाच मांडीवर घेतले आणि टाच आत, मांडीच्या खालच्या बाजूला रोवली, जिथे फाइलमधल्या चित्रात जाळी काढली होती. सगळं वजन दिलं. बाबा कण्हले. मी मनात शंभरपर्यंत मोजले. आई मोरीत भांडी घासत होती.

हे मी दर रविवारी केलं. परीक्षा असो, ताप असो. माझं वजन वाढत गेलं तशी टाचही जड होत गेली. कॉलेजला जायला लागल्यावर वर्गात माझं नाव पुकारलं तरी मला हजेरी देता येत नसे, इतका आवाज बारीक. रविवारी मी माणसाच्या मांडीवर उभी राहून ती चिरडायचा प्रयत्न करत होते. हे दोन्ही मीच. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही.

जाळी बसवून सहा वर्षं होत आली तेव्हा बाबा परत थांबायला लागले. आधी टाकीजवळ पोचता पोचता. मग पन्नासाव्या पायरीवर, चाळिसाव्या. मी मोजत होते. आईही मोजत होती, हे मला तिच्या बसण्यावरून कळलं. एक दिवस ती मोरीजवळून उठली आणि भाजीची परात घेऊन दाराशी बसली. आम्ही एकमेकींशी याबद्दल बोललो नाही. बाबांना डॉक्टरकडे जा म्हणून दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही.

ते तिसाव्या पायरीवर आले, मग अठराव्या. मग झोपेतही पाय खाटेखाली सोडून बसायला लागले, तसं बसलं की दुखणं जरा कमी व्हायचं. पाऊल गार पडलं. करंगळीला चप्पल लागून जखम झाली आणि ती भरेना. हळद लावली, कडा काळी झाली. वास यायला लागला तेव्हा बाबा स्वतःच म्हणाले, "हॉस्पिटलात नेता काय मला, की हयंच कुजवताय?"

एक्स-रेमध्ये जाळी दोन ठिकाणी मोडलेली दिसली. डॉक्टर नवे होते, तरुण, मराठी बोलणारे. त्यांनी प्लेट उजेडात धरून दाखवली. पांढरी बारीक जाळी, मध्ये फट, टोकं एकमेकांवर सरकलेली. जाळीत वरपासून खालपर्यंत रक्त गोठलं होतं.

"हृदयातली जाळी त्या मानाने निवांत असते," ते म्हणाले. "मांडीतली नाही. माणूस बसतो, उठतो, गुडघा वाकवतो, प्रत्येक वेळी ती वाकते आणि पिळली जाते. काहींची वर्षानुवर्षं टिकते. काहींची मोडते आणि तरी रक्त चालू राहतं. त्यात सिगारेट असली, तपासणीला आलं नाही, की बंद पडल्याचं वेळेत कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "मांडीला मार वगैरे लागला होता का? कोणी मालीश करायचं?"

मी एक्स-रेकडे बघत होते. माझ्या तळपायाला घाम आला होता.

"नाय," बाबा म्हणाले. "कोण करणार?"

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, विसरले असतील, किंवा तुडवणं म्हणजे मालीश नाही असं त्यांना वाटत असेल.

आता दोन वाटा होत्या. उजव्या पायातली शीर काढून डाव्या मांडीत बायपास करायचा, म्हणजे बुजलेल्या नळीच्या बाजूने रक्ताला नवी वाट, आणि फक्त काळी करंगळी काढायची. किंवा उशीर झाला तर गुडघ्याखालून पाय. डॉक्टर म्हणाले, बायपास यशस्वी व्हायची आशा चांगली आहे. संमतीचा कागद आईपुढे ठेवला. तिने पेन घेतलं आणि विचारलं, "बायपास केला तर किती पायऱ्या चढतील?"

डॉक्टरांना बरं वाटलं असावं. "मावशी, नीट काळजी घेतलीत तर हव्या तितक्या."

आई कागदाकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. पाय काढा, असं ती म्हणू शकली असती का, मला माहीत नाही. मी म्हणाले असते का, तेही माहीत नाही. पण त्या क्षणी मला तेच हवं होतं आणि मी ते लिहून ठेवते आहे. आईने वाकड्या मनगटाने कागद दाबून धरला आणि सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "माणसाचा पाय कापा म्हणून कसं सांगायचं गं?"

ऑपरेशन पाच तास चाललं. पाय वाचला. करंगळी गेली. दहा दिवसांनी बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी एकेचाळीस पायऱ्या वर आणलं.

त्या संध्याकाळी त्यांनी नवी फाइल माझ्याकडे दिली. मी तोवर पदवीला होते, संध्याकाळी एका ऑफिसात डेटा एंट्री करत होते. "वाच."

मी उभी राहिले आणि सगळं वाचलं. गोळ्या, चालणं, सिगारेट, जखमेची निगा, तीन महिन्यांनी सोनोग्राफी, मग सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. डाव्या मांडीला मालीश करू नये, कोणताही दाब देऊ नये. इथे मी थांबले. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

"ही ओळ पहिल्या फाइलमध्येही होती," मी म्हणाले. "मी वाचली नव्हती. मुद्दाम."

आई गॅसजवळ होती. तिने गॅस बंद केला.

बाबा शांत होते. "मी त्या वेळी दोन दिवस हॉस्पिटलात होतो," ते म्हणाले. "तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काका, मांडी दाबून घ्यायची नाय. मराठीत सांगितलं होतं. माका इंग्रजी येत नाय, पण मी बहिरो नाय."

"मग तुम्ही दर रविवारी मला..."

"बघत होतो. कधी बोलतंस ता."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी ओळ गाळली तेव्हा आणि टाच रोवायला लागले तेव्हाही. उशीत तोंड खुपसून ते वाट बघत होते, माझा दम कधी तुटतो याची. स्वतःचा पाय गेला तरी चालेल, पण आधी मी बाद व्हायला हवं होतं. मी त्यांची मुलगी आहे याची खात्री मला त्या दिवशी जितकी पटली तितकी कधी पटली नव्हती.

त्यांनी उजवा पाय खाटेवर सरळ केला. शीर काढलेली लांब जखम होती, टाके अजून दिसत होते. "आता तू बोललंस. बरा झाला. चढ आता या पायावर. दुखता."

"नाही," मी म्हणाले.

"चढ."

"नाही."

त्यांना उठता येत नव्हतं. फळी हाताशी होती. त्यांनी पहिली ढाल उचलली आणि फेकली. लाकडी, पितळेचं पान ठोकलेली. ती माझ्या भुवईवर लागली. दुसरी खांद्यावर. तिसरी मी हाताने अडवली. डोळ्यात रक्त उतरलं, त्यामुळे चौथी मला दिसली नाही, आवाज ऐकू आला. आईने मधे येऊन स्वतःच्या पाठीवर घेतली ती. पाचवी, सहावी, सातवी. मग फळी रिकामी झाली आणि बाबा धापा टाकत बसले. आईने ढाली गोळा केल्या, एकावर एक रचल्या आणि मोरीबाहेर ठेवल्या. पुसल्या नाहीत.

दवाखान्यात भुवईला टाके घालताना आई माझा हात धरून होती. "रविवारी तू चढलीस की मी भांडी जोरात घासायचे," ती म्हणाली. एवढंच. डॉक्टरीणबाईंनी काय लागलं म्हणून विचारलं. आमच्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं, कपाटाचं दार. आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याने मारलं तिला. मलापण मारतो." बाईंनी ते कागदावर लिहिलं.

तीन महिने आई त्या घरात राहिली, कारण जखम रोज धुवायला लागायची आणि ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. बाबांना तेवढा वेळ मारता येत नव्हतं. मी त्या काळात मुलुंडला एक खोली शोधली, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याची. ऑफिसात पूर्ण वेळ लागले. आईला मी काही विचारलं नाही. फक्त मोजत राहिले. बाबा दारापर्यंत, मग दहा पायऱ्या, मग वीस. सिगारेट बंद होती, या वेळी खरंच. सोनोग्राफीला मी घेऊन गेले. रक्त छान वाहत होतं.

एका शनिवारी सकाळी ते दारातून निघाले आणि न थांबता टाकीपर्यंत गेले. मी आणि आई उंबऱ्यात होतो. अठ्ठावन्न. वरून त्यांनी खाली पाहिलं, आमच्याकडे. हात हलवला नाही.

आई आत गेली आणि पलंगाखालून दोन पिशव्या काढल्या. त्या भरलेल्या होत्या. मला माहीत नव्हतं.

"चल," ती म्हणाली.

आम्ही खाली उतरायला लागलो. पळालो नाही. आईचा गुडघा दुखतो, ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरते. बाबा टाकीवरून खाली यायला निघाले होते, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मी मागे वळले नाही, पण मोजत होते. ते घराशी आले. थांबले नाहीत. आम्ही विसाव्या पायरीवर, ते आमच्या मागे दहावर. वरच्या घरातली काकू दारात येऊन उभी राहिली. पस्तिसाव्या पायरीवर त्यांचा श्वास मला मानेजवळ ऐकू यायला लागला. मी पिशवी खांद्यावर घेतली आणि आईच्या मागे झाले, म्हणजे लाथ बसली तर मला बसेल. आजवर त्यांनी मला पायाने मारलं नव्हतं. भुवईपाशी कातडी ताणली गेली होती. पाठ कडक करून मी चालत राहिले.

लाथ आली नाही. रस्त्यावर रिक्षा उभी होती. आई आत बसली, मी पिशव्या ठेवल्या. बाबा शेवटच्या पायरीवर उभे होते, डावा पाय पुढे. त्या पायाला चार बोटं. ते आईकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर तसली मोजदाद दिसली.

"गोळ्या खंय ठेवल्यास?" त्यांनी विचारलं.

"फ्रीजवर, लाल झाकणाच्या डब्यात," आई म्हणाली. "सकाळच्या दोन, जेवल्यावर. रात्रीची एक." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."